गॉसिप साइट्सचे दिवस: आपापले किस्से लिहा

रेघोट्या
काल भाचीने एका नटीची पोस्ट दाखवली. बाळ झाल्याची बातमी तिनेच दिलेली, फोटो तिनेच निवडलेला, वर कॉमेंट्स बंद. मला एकदम आमचं जुनं ऑफिस आठवलं. पुढच्या खिडकीत एक्सेल, मागच्या खिडकीत पेरेझ हिल्टनची साइट. फोटोंवर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी आचरट खरडलेलं असायचं. कोण कुणाबरोबर दिसलं हे शेजारच्या टेबलावरची माझ्याआधी शोधायची आणि मला राग यायचा! ब्लाइंड आयटम, म्हणजे नाव न घेता छापलेली कुजबुज, कुणाबद्दल आहे ते ओळखायच्या पैजा लागायच्या. तुम्ही कुठे डोकवायचात? लिहा.

ऊनसावली
आई गं, पेरेझ! सुरुवातीला त्याच्या साइटचं नाव न्यूयॉर्क पोस्टच्या 'पेज सिक्स' या गॉसिपच्या पानावरून घेतलेलं होतं. बाकी नंतर लिहिते, मशीन थांबलंय, कपडे काढायचेत.

रात्रपाळी
मायकल जॅक्सन. आमच्याकडे २६ जून २००९ ची पहाट, मी कॉल घेत होतो. टीएमझेड या गॉसिप साइटवर आलं की गेला. टीम लीडर म्हणे, सीएनएन म्हणेपर्यंत खरं नाही. गूगलवर नाव टाकलं तर तेच मला विचारतंय, तू माणूस आहेस का! जगभरातून एकदम इतके लोक तेच शोधत होते की गूगलला हल्ला झाल्यासारखं वाटलं. पुढे बराच वेळ आमच्या फ्लोअरवर कुणी कॉलच घेतला नाही.

बटाटेचिवडा
@रात्रपाळी, आणि कस्टमर होल्डवर 'थ्रिलर' ऐकत बसले असतील :)

अनामिक_आजी
वाचतेय. छान धागा.

कायदेपंडित
गॉकर ही साइट विसरलात का? कोणता तारा आत्ता कुठे दिसला ते नकाशावर टाकायचे. २००६ मध्ये हॉलिवूडचा नट जॉर्ज क्लूनीच्या बाजूने तोडगा निघाला: सगळ्यांनी खोटी ठिकाणं कळवा, म्हणजे नकाशा आपोआप निरुपयोगी होईल. मला अजून हसू येतं. पण साइट बुडाली ती कुस्तीवाल्या हल्क होगनमुळे. त्याचा खाजगी व्हिडिओ छापला, २०१६ मध्ये ज्यूरीने १४ कोटी डॉलर भरपाई ठरवली, गॉकरने दिवाळखोरी जाहीर केली. नंतर कळलं, होगनच्या वकिलांचा खर्च अब्जाधीश पीटर थील करत होता. त्याच्याबद्दल गॉकरनेच पूर्वी छापलं होतं. डूख धरणं म्हणजे काय ते बघा.

ऊनसावली
आले. गायिका ब्रिटनी स्पिअर्सचं कुणी लिहिलं नाही? २००७ ला डोकं भादरलं त्याचे फोटो सगळीकडे. पुढच्या वर्षी कोर्टाने तिचा पैसा, करार, सगळं वडिलांच्या हाती दिलं ते २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुटलं. या काळात ती स्टेजवर नाचत होती, कमावत होती. आणि साइट्सवर मथळे काय, तर वजन वाढलं की घटलं.

रेघोट्या
@ऊनसावली, हो गं.

पिक्सेल
थोडं अवांतर. गूगलचा इमेज सर्च निघाला तो जेनिफर लोपेझच्या हिरव्या ड्रेसमुळे. २००० चं ग्रॅमी. सगळे तो ड्रेस शोधायला लागले आणि गूगलकडे दाखवायला नुसत्या निळ्या लिंका. हे गूगलच्याच एरिक श्मिटने लिहिलंय. मी एकदा मुलाखतीत सांगितलं होतं, नोकरी मिळाली नाही.

बटाटेचिवडा
ड्रेस घालून जायला हवं होतं.

सुगंधा_म
मला मुलांचं वाईट वाटतं. आराध्या बच्चन ११ वर्षांची होती, तिच्या तब्येतीबद्दल वाट्टेल त्या थापा मारणारे व्हिडिओ फिरत होते. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला ते काढायला सांगावं लागलं. त्याच वर्षी आलिया भट घरात बसलेली असताना समोरच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले. खिडकीपाशीही जायचं नाही का माणसाने? माझी तर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनीसुद्धा डोकावलं की चिडचिड होते.

कायदेपंडित
@सुगंधा_म, काकूंवर दावा लावता येईल, फी सांगतो.

टपोरी_टिंग्या
धर्मेंद्रच्या वेळचं आठवतं? नोव्हेंबर २०२५, माणूस हयात आणि बातम्यांत गेलेला. ईशा देओलला इन्स्टावर सांगावं लागलं की बाबा बरे होतायत. आमची आत्या तोवर फॅमिली ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली वाहून मोकळी. मग 'हा मेसेज डिलीट केला गेला'. चोवीस तारखेला ते खरंच गेले तेव्हा आत्याने तीन चॅनल बघून मग फुलं टाकली.

अनामिक_आजी
मला विमानतळावरून चालत येणाऱ्या नट्यांचे व्हिडिओ सारखे दिसतात. नावं पण माहीत नाहीत. बंद कसे करायचे?

पिक्सेल
@आजी, व्हिडिओवर बोट दाबून धरा, 'नॉट इंटरेस्टेड' येईल ते निवडा.

अनामिक_आजी
केलं. आता मांजरं येताहेत.

पिक्सेल
तीही बंद करायचीत का?

अनामिक_आजी
नको, असू देत.