घरी पावडर कोटिंग करालोय, अॅल्युमिनियमच्या पार्टवर फोड का येतात?

टिळकवाडी_जिप्सी:
नमस्कार मंडळी. जुनी जिप्सी घरीच उघडून नीट करालोय. इंजिन बाहेर काढलंयच तर म्हटलं बाहेरचे पार्ट पण चांगले दिसू देत, म्हणून लहान पावडर कोटिंग गन मागवली (रंगाची कोरडी पावडर विजेच्या भारानं पार्टला चिकटते, मग ओव्हनमध्ये वितळून पक्का थर होतो) आणि एक मोठा ओटीजी, म्हणजे विजेचा ओव्हन, घेऊन शेडमध्ये ठेवला, तो फक्त पार्टसाठीच, स्वयंपाकघरात परत जाणार नाही. लोखंडी ब्रॅकेट एकदम कंपनीतून आल्यासारखे निघाले. पण थर्मोस्टॅट हाऊसिंग (कूलंटच्या वाटेवरचा भाग) अॅल्युमिनियमचं कास्टिंग आहे, म्हणजे साच्यात ओतलेलं, त्याला तीच पावडर, तेच सेटिंग, आणि बेक होताना बारीक बारीक फोड आले, थंड झाल्यावर बघतो तर सगळीकडे भोकं. पेट्रोलनं धुतलं होतं, वायर ब्रश मारला, थिनरनं पुसलं. ओव्हन २०० वर २० मिनिटं. पावडर खराब आहे काय, की ह्या पावसाच्या हवेनं असं होतंय? आणि आता ते काढायचं कसं, एकजण म्हणतोय कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाक. पुढं टॅपेट कव्हर (इंजिनच्या वरचं झाकण) करायचंय, त्याआधी नीट कळलं तर बरं.

उद्यमबाग_फौंड्री:
पहिल्यांदा कॉस्टिकचं. अजिबात टाकू नकोस. कॉस्टिक अॅल्युमिनियमलाच खातं आणि हायड्रोजन सुटतो, बंद शेडमध्ये तर नकोच नको.

आता फोड. लोखंडी ब्रॅकेट पत्र्याचे असतात, ते भरीव, त्यात काही शिरत नाही. कास्टिंगचं तसं नाही. धातू ओतताना गॅस अडकतो, थंड होताना आकसतं, आत बारीक पोकळ्या राहतातच, आम्ही रोज ब्लोहोलशी झगडतो म्हणून सांगतोय. तुझं हाऊसिंग कितीतरी वर्षं ऑइल आणि कूलंटमध्ये राहिलंय, ते सगळं त्या पोकळ्यांत मुरलेलं असतं. वरून थिनरनं पुसून ते निघत नाही. ओव्हनमध्ये गेलं की आतली हवा न् तेलाची वाफ फुगते, नेमकी पावडर वितळून पातळ झालेली असताना बाहेर पडते, फोड येतो, फुटतो, आणि तेवढ्यात पावडर कडक होते म्हणून भोक तसंच राहतं. पावडरीची चूक नाही.

उपाय म्हणजे पावडर मारायच्या आधी मोकळा पार्ट भाजायचा. गरम पाणी आणि डीग्रीझरनं धू, ब्लास्टिंग (हवेच्या दाबानं बारीक कण मारून साफ करणं) करून घे, मग क्युअरिंगपेक्षा, म्हणजे पावडर पक्की होते त्या तापमानापेक्षा, थोडं जास्त, २२० ते २३० वर तासभर ठेव. पहिल्या वेळी धूर येईल आणि बाहेर काढलास की तेलाचे तपकिरी डाग वर आलेले दिसतील. ते साफ कर, परत भाज. डाग यायचे थांबेपर्यंत हेच. ह्या कामात हाच भाग सगळ्यात कंटाळवाणा, आणि लोक नेमका हाच गाळतात. भाजल्यावर उघड्या हातानं धरू नकोस, बोटांचं तेल लागतं.

आणि पेट्रोलनं धुणं बंद कर बाबा. शेजारी हाय व्होल्टेजची गन, तापलेला ओव्हन. ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

मच्छे_कोटिंगवाला:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. माझं टेंपरेचरबद्दल. पिशवीवर २०० डिग्री १० मिनिटं लिहिलेलं असतं ते मेटलचं, ओव्हनच्या हवेचं नव्हे. पत्र्याचा ब्रॅकेट चटकन तापतो, जाड कास्टिंगला वेळ लागतो, म्हणजे तुझी २० मिनिटं संपली तरी ते हाऊसिंग अजून १६० लाच असू शकतं. मल्टिमीटरबरोबर जो थर्मोकपल (तापमान मोजायची वायर) येतो तो पार्टला टेकवून बांध आणि मेटल २०० ला पोचल्यावर घड्याळ लाव. लेझरवाली टेंपरेचर गन चकचकीत अॅल्युमिनियमवर चुकीचं दाखवते. झाल्यावर थिनर लावलेल्या कापडानं आतल्या बाजूला घासून बघ, रंग कापडाला आला तर कच्चं आहे. मधे लाईट गेली तर घाबरायचं नाही, परत बेक करता येतंय.

पावसाचं म्हणशील तर फोडाचं कारण ते नव्हे, पण जुलै-ऑगस्टात आपल्याकडं गनला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतंच. ते रोज काढ, हवेच्या लाईनला मॉइश्चर ट्रॅप (पाणी अडवणारा फिल्टर) लाव, पावडर घट्ट बंद डब्यात ठेव, नाहीतर गुठळ्या होतात. गनच्या अर्थिंगची क्लिप उघड्या मेटलला लागली पाहिजे, पार्ट टांगायच्या कोटिंग झालेल्या हुकला नव्हे. खोल कोपऱ्यात पावडर शिरत नसली तर गनचं व्होल्टेज कमी करता आलं तर कर आणि हवा हळू सोड, जोरात मारलं की आणखी शिरत नाही.

अजून एक, पावडर उडताना ओव्हन बंद पाहिजे, गॅस शेगडी जवळपास नको. हवेत पसरलेली पावडर पेट घेते. मास्क नेहमी लाव, साधा रुमाल चालत नाही.

टिळकवाडी_जिप्सी:
खूप आभार दोघांचे, पावडरला उगीच शिव्या घालत होतो. मग आता हे कोटिंग काढायला काय? आणि टॅपेट कव्हरला आतून काय करायचं?

खानापूर_गॅरेज:
काढायला ब्लास्टिंगच बेस्ट. पेंट रिमूव्हर वापरलास तर हातमोजे घाल, उघड्यावर कर आणि नंतर भरपूर पाण्यानं धू. क्लोरीनवालं रिमूव्हर किंवा ब्रेक क्लीनर पार्टवर राहिलं आणि तू तसंच भाजलंस तर विषारी गॅस होतो, ह्यात हयगय नको.

टॅपेट कव्हरचं माझं ऐक. आत बॅफल प्लेट (ऑइलचे शिंतोडे अडवणारा पत्रा) असते ना, तिच्या मागं ब्लास्टिंगचे कण जाऊन बसतात आणि कितीबी धुतलं तरी पुरते निघत नाहीत. नंतर ते ऑइलमधनं बेअरिंगला जातात, मग इंजिनच गेलं की. प्लेट निघत असली तर काढूनच ब्लास्टिंग कर, निघत नसली तर ब्लास्टिंग करूच नको, केमिकलनं साफ कर. आतून कोटिंग नको. गॅस्केट बसते ती कड, आटे, बोल्टच्या डोक्याखालची जागा, सगळं झाक. बोल्टखाली पावडरचा थर राहिला तर तो दबतो आणि बोल्ट ढिला होतो. इंजिनच्या ज्या ब्रॅकेटला अर्थची वायर येते तिथंबी उघडं मेटल ठेव. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला मात्र ही पावडर लावू नको, जळून जाते, त्याला वेगळी हाय टेंपरेचरची येते.

टिळकवाडी_जिप्सी:
झाकायला साधी मास्किंग टेप चालेल काय?

मच्छे_कोटिंगवाला:
नाही, ती जळून चिकटते. हिरवी पॉलिएस्टर टेप माग, २०० ला टिकते, भोकांना सिलिकॉनचे प्लग. पण दोन्ही मोकळं भाजून झाल्यावर, पावडर मारायच्या आधी लाव. ओव्हनमधनं काढल्यावर टेप पार्ट थोडा गरम असतानाच ओढ, कड सरळ येते. प्लगचा एक पूर्ण सेट घे, टॅपेट कव्हरला लागेल.