चार वर्षांच्या मुलाला माती कशाला हवी? (नेरूळमधून, जरा सविस्तर)

गुलमोहराखालची आई, नेरूळ

काल पालकांच्या गटात एकांनी लिहिलं, "लहान मुलांना मातीत-चिखलात सोडणं हे नवं फॅड आहे. सोसायटीत रबरी फरशीचा प्ले एरिया आहे, घसरगुंडी आहे, आणखी काय पाहिजे?" खाली अंगठ्यांची रांग लागली. तिथे दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून इथे लिहितेय.

घसरगुंडीवर मूल चढतं, घसरतं, परत चढतं आणि थोड्या वेळाने मोबाईल मागतं. तेच मूल गुलमोहराखाली सोडून बघा. माझी लेक कळीचं आवरण सोलून त्याची नखं करते आणि बोटांवर चिकटवते. पुंकेसर एकमेकांत अडकवून कोंबड्यांची झुंज लावते, तुटला की दुसरा शोधते. चिमटीची जी ताकद पुढे पेन्सिल धरायला लागते, ती इथे न सांगता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. स्क्रीन जास्तीत जास्त १ तास. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. आणि आपण काय करतोय? कंपाउंडलगतच्या शेवटच्या मातीच्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आणतोय!

पामबीचचा बाबा

ती पोस्ट माझीच. ताई, ग्वांगझूचा अभ्यास उजेडाचा आहे, मातीचा नाही. तो उजेड पोडियमच्या, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीच्या, रबरी फरशीवरही पडतो. आकडे द्यायचे तर पूर्ण द्या.

आता माझं ऐका. त्याच पट्ट्यात माझ्या मुलाच्या तळपायात काच गेली. टाके घालताना त्याला धरून मी बसलो होतो. तिथे मांजरं घाण करतात, उंदरांची बिळं आहेत. पावसात पाणी साचलं आणि पायाला जखम असली की लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती. हे नेरूळ आहे, फिनलंड नाही.

गुलमोहराखालची आई, नेरूळ

फिनलंडचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. तिथे पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली, रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणांमध्येही चांगला फरक दिसला. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालंय. अभ्यास लहान होता, ७५ मुलांचा. पण आणलेली माती स्वच्छ होती, आणि मी तेच मागतेय. काच पडली तर काच उचलायची. तिच्यावर सिमेंट कशाला ओतायचं?

बालवाडीताई, ऐरोली

बालशिक्षणतज्ज्ञ तारा मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ सोबत होत्या. हा सगळा भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन त्यांनी मुलांना शिकवलं. आणि आपण फॅड म्हणतोय?

माझ्याकडे मुलं चिंचोके मोजतात, लाजाळूला हात लावून बसतात. घरी गेलं की पालकांचा फोन: "युनिफॉर्म मळला, आणि आज वहीत काहीच नाही." साडेतीन वर्षांच्या मुलाच्या वहीत काय हवंय तुम्हाला? २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वयासाठी खेळातून शिक्षण लिहिलंय, तरी मला दर महिन्याला वर्कशीटचा हिशेब द्यावा लागतो.

कोपरखैरणेकर

सोसायटीच्या कोपऱ्यावरून कसले भांडताय? मैदानांचं बोला. शाळांना मैदानाचे भूखंड देताना शाळा सुटल्यावर आसपासच्या मुलांना खेळू द्यायची अट असते. आमच्या इथल्या मैदानाला संध्याकाळी कुलूप. रविवारी मात्र आत मांडव, डीजे, गाड्या. नातवाला घेऊन गेलो तर वॉचमन म्हणाला, "काका, परवानगी आणा." चार वर्षांच्या पोराने परवानगी आणायची?

शाळेतला माणूस

काका, मी अशाच एका शाळेत काम करतो. गेट उघडं ठेवलं की सकाळी दारूच्या बाटल्या आम्ही उचलतो. शिशुवर्गाची मुलं त्याच जमिनीवर बसतात. कुणी पडलं तर पोलीस स्टेशनला मुख्याध्यापिकाच जाणार, तुम्ही याल का?

कोपरखैरणेकर

येईन. नावानिशी लिहून देतो. बाटल्या रात्री येतात, मी संध्याकाळी पाच ते सातबद्दल बोलतोय. मांडवाच्या भाड्यातून एक माणूस त्या वेळेला ठेवता येत नाही?

शाळेतला माणूस

भाड्याचे पैसे माझ्या खिशात येत नाहीत. माझ्यावर आवाज चढवू नका.

घोडबंदरकर

आमच्याकडे ठाण्यात सगळे सांगतात, "येऊरच्या जंगलात न्या की." रविवारी येऊरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग बघा, मूल गाडीतच झोपतं. लहान मुलाला जिना उतरला की माती हवी, महिन्यातून एकदा जंगल नको.

घणसोलीची, वन आरके

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घरी पोचते तेव्हा अंधार पडलेला असतो. मुलगा पाळणाघरात, तिथे खिडकीला जाळी आणि समोर टीव्ही. मातीचे फायदे मला सांगू नका, वेळ कुठून आणू ते सांगा. समोरच्या साइटवर बिगाऱ्यांची पोरं दिवसभर रेतीच्या ढिगाऱ्यावर असतात. त्यांच्या खेळाचं कौतुक कुणी लिहीत नाही, त्यांच्या पायातल्या खिळ्याचंही नाही.

गुलमोहराखालची आई, नेरूळ

तुमचं म्हणणं लागलं मला. म्हणूनच ती माती पाळणाघराच्या दारात हवी, आईच्या सुट्टीच्या दिवसावर सोडलेली नको. आमच्या सोसायटीतलं पाळणाघर त्या पट्ट्यापासून वीस पावलांवर आहे. तिथली मुलं रोज सकाळी उतरू शकतात.

पामबीचचा बाबा

पाळणाघराचा मुद्दा मान्य, बाकी नाही. पट्टा ठेवायचा असेल तर वरची माती काढून चाळलेली भरा, मांजरांसाठी रात्री झाकण, पाणी साचेल त्या दिवशी बंद, पायात चप्पल, वर आलं की साबणाने हात. जंताची गोळी वर्षातून दोनदा. आणि हे रोज कोण बघणार, त्याचं नाव ठरावात लिहा. नाव नसेल तर मी पेव्हरच्या बाजूने मत देणार.

गुलमोहराखालची आई, नेरूळ

माझं नाव लिहा. झाकणाचा खर्च मात्र पेव्हरच्या बजेटमधून.

कोपरखैरणेकर

तुमचं मिटलं असेल तर मैदानाकडे या. कुणाकडे आपल्या सेक्टरच्या शाळेच्या भूखंडाचा करारनामा असेल, तर अटीचं पान इथे टाका.