ईआरसीपीनंतर पित्ताशयाचं ऑपरेशन लगेच की थांबून? मदत हवी आहे

सासूबाईंच्या (वय ६८) पित्ताशयातला एक खडा सरकून पित्तनलिकेत अडकला होता, कावीळ आणि थंडी-ताप. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जातात ती) करून खडा काढला, प्लास्टिकचा स्टेंट टाकलाय. आता ताप नाही, बिलिरुबिन उतरतंय, लायपेज पहिल्यापासून नॉर्मल म्हणजे स्वादुपिंडाला सूज नव्हती. पित्ताशयात बाकीचे खडे आहेतच आणि पित्ताशयच दुर्बिणीने काढायचं हे नक्की आहे, त्यामुळे खडे विरघळवणारे काढे प्लीज सुचवू नका.

घोळ वेळेचा आहे. एक सर्जन म्हणतात दोन आठवड्यांच्या आत उरका नाहीतर परत खडा सरकेल, दुसरे म्हणतात सूज उतरू दे, दीड महिन्याने बघू. मला पहिल्यांचं पटतंय, पण सासूबाईंना हार्टचा स्टेंट आहे, टाकून वर्ष उलटलंय, क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी) चालू आहे आणि ती आधी पाच-सात दिवस बंद ठेवावी लागते म्हणे (ते हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच करणार, स्वतःहून नाही). डायबिटीस नाही.

कोणाच्या घरी असं झालंय का, किंवा इथे कोणी सर्जन असतील तर, लवकर केल्यावर दुर्बिणीतून ओपनवर (पोट उघडून) जायची वेळ येते का, आणि पित्तनलिकेतला स्टेंट ऑपरेशनच्या आधी काढतात की नंतर?