मदत हवी आहे: कोरोनाचा जागतिक आलेख खाली येतच नाही!

गोदाकाठी: प्रोजेक्ट उद्या सकाळी द्यायचाय. सगळ्या देशांच्या बाधितांची बेरीज करून एक्सेलमध्ये आलेख काढला, तर रेघ नुसती वरच चाललीय. सर म्हणाले, लाटा कुठायत? फाइल बरोबर आहे, दोनदा उतरवली. लवकर सांगा प्लीज.

सातपूरकर: कुठली फाइल? रोजचे आकडे की एकूण?

तर्री_कमी: लॉग स्केल लावा, म्हणजे उभ्या अक्षावर प्रत्येक पायरी दहापट. साथीचा आलेख लॉगवरच बघायचा असतो.

सातपूरकर: अहो, लॉगने रेघ खाली येणार आहे का? आधी त्यांना फाइल तर सांगू द्या.

गोदाकाठी: नेहमीचीच हो, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची. शेवटचा रकाना ३/९/२३, म्हणजे सप्टेंबरपर्यंतची आहे.

सातपूरकर: तारखा अमेरिकन आहेत, महिना आधी. तो ९ मार्च २०२३. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काम थांबवलं. आणि त्यात पहिल्या दिवसापासूनची एकूण बेरीज असते, ती उतरेल कशी? प्रत्येक दिवसातून आदला दिवस वजा करा.

इंदिरानगरचे_आजोबा: आम्ही दोन्ही लाटांत गवती चहा, आलं, मिऱ्यांचा काढा घेतला. काही झालं नाही.

तर्री_कमी: आजोबा, काढ्याने वजाबाकी होते का?

गोदाकाठी: लाटा आल्या!! पण करवतीसारखे दाते पडलेत. शिवाय १० डिसेंबर २०२० ला हा एवढा सुळका.

सातपूरकर: दाते शनिवार-रविवारचे. सुट्टीत नोंदी कमी, नंतर भरपाई. सात दिवसांची सरासरी घ्या. सुळका तुर्कस्तानचा. तिथे काही महिने फक्त लक्षणंवालेच जाहीर करत होते, राहिलेले आठ लाखांवर त्या दिवशी एकदम चढवले. सरासरीने तो पसरेल, जाणार नाही; खाली टीप टाका. ताळा म्हणून बघा: सर्वात उंच शिखर जानेवारी २०२२, ओमायक्रॉन, सरासरी रोज ३० लाखांवर.

घंटागाडी: पण हे चाचणी केलेलेच ना! तिसऱ्या लाटेत आमच्या वाड्यात सात जण तापले, घरीच किट, नोंद एकाचीही नाही. मृत्यूंचे आकडे घ्या.

तर्री_कमी: ते तरी कुठे सरळ? जून २०२१ मध्ये बिहारने जुने जवळपास चार हजार मृत्यू एका दिवसात दाखवले.

गोदाकाठी: शिखर जानेवारीतच आलं. आभार! आता कॉलेज रोडला रात्री अकराला रंगीत प्रिंट कुठे मिळेल?

इंदिरानगरचे_आजोबा: सकाळी काढ रे बाळा. बाहेर गारठा आहे.