शब्दचर्चा : ‘कलिमतिन सवाइन’ला मराठीत काय म्हणावं?

शहापूरकर

नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी एक वाचन ठेवलंय. गल्लीतली चार ख्रिस्ती घरं आणि पाच मुसलमान घरं येणार आहेत. काय वाचायचं ते ठरलंय : लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आणि कुरआनातली सूरह मरियम (सूरह म्हणजे कुरआनातला अध्याय). दोन्हींची सुरुवात एकाच म्हाताऱ्या माणसापासून होते. आमच्या बायबलात तो जखऱ्या, कुरआनात झकरिया. वय झालंय, मूलबाळ नाही, आणि त्याला निरोप येतो की तुला मुलगा होईल. तो मुलगा आमचा योहान, त्यांचा यह्या. त्यानंतर मरियेकडे देवदूत येतो. दोन ग्रंथ इतके शेजारी शेजारी बसलेली दुसरी जागा मला ठाऊक नाही.

अडलंय ते आमंत्रणाच्या कार्डावर. मी वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘या, आपल्यातल्या समान शब्दाकडे.’ हे माझं वाक्य नव्हे. सूरह आल-ए-इम्रानच्या ६४व्या आयतीत ‘किताबवाल्यांना’, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांना, हाक आहे : ‘कलिमतिन सवाइन’कडे या, जे आमच्या-तुमच्यात सारखं आहे. पुढे लगेच सांगितलंय की एका देवाशिवाय कोणाची भक्ती करायची नाही आणि त्याच्यासोबत कोणाला भागीदार ठरवायचं नाही. १३ ऑक्टोबर २००७ रोजी १३८ मुस्लिम विद्वानांनी पोप आणि इतर ख्रिस्ती धर्मप्रमुखांना उघडं पत्र लिहिलं, त्याचं इंग्रजी नाव याच आयतीवरून घेतलं होतं : ‘अ कॉमन वर्ड बिटवीन अस अँड यू’. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती, या दोन आज्ञा दोन्ही धर्मांच्या मुळाशी आहेत असं त्या पत्राचं म्हणणं.

कार्डाचा कच्चा कागद शेजारच्या आपांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, “बाई, शब्द म्हणजे कलिमा न्हवं? मग आमी तुमचा कलमा पढायचा व्हय?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण मी कागद परत घेतला. तेव्हा जाणत्यांना विचारते : याला मराठीत काय म्हणू?

निपाणीकर

बाई, आपांनी नेमकं बोट ठेवलंय. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाच्या कानात ‘कलमा’ म्हणजे ‘ला इलाह इल्लल्लाह’, अल्लाहशिवाय दुसरा देव नाही ही श्रद्धेची ग्वाही, दुसरं काही नाही. अरबीत मात्र कलिमा हा साधा शब्द आहे. शब्द, बोल, वाक्य, म्हणणं, सगळं त्यात येतं. आणि गंमत बघा, एकट्या आल-ए-इम्रानमध्येच तो तीन ठिकाणी महत्त्वाचा आहे. ३९व्या आयतीत यह्या हा अल्लाहकडून आलेल्या एका कलिम्याची ग्वाही देणारा असेल असं आहे. ४५व्या आयतीत देवदूत मरियमला त्याच्याकडच्या एका कलिम्याची खुशखबर देतात, ज्याचं नाव मसीह ईसा, मरियमचा मुलगा. आणि ६४व्यात तुमचं ‘कलिमतिन सवाइन’.

‘सवा’बद्दल एक खुलासा करतो, कारण शाळेत मुलं मला हेच विचारायची. मराठी ‘सवा’ संस्कृत ‘सपाद’वरून आलाय, पावासहित एक. अरबी ‘सवा’चा त्याच्याशी संबंध नाही. तो म्हणजे सारखा, समतल, दोन्ही बाजूंना बरोबर बसणारा. उर्दू तर्जुम्यांत, म्हणजे भाषांतरांत, इथे बहुधा ‘बात’ आणि ‘यकसां’ हे शब्द येतात. ‘कलमा’ त्यांतलेही बरेच टाळतात.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतो. ही हाक मुळात आमच्या बाजूने तुमच्या बाजूला आहे. बहुतेक भाष्यकार तिचा संबंध मदिनेला आलेल्या नजरानच्या ख्रिस्ती मंडळींशी लावतात. तुम्ही ती उलट दिशेनं वापरताय. माझी हरकत नाही. पण वापरताना हे माहीत असावं.

खानापूरकर

‘समान’ नकोच. तो शब्द हल्ली कायद्याच्या भांडणातला झालाय. आपल्याकडे यासाठी पिढ्यान्‌पिढ्या एक शब्द आहे, ‘सामाईक’. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक वाट. पुस्तकात ‘सामायिक’ लिहितात, जुन्या वाटणीपत्रांत ‘सामाईक’ दिसतो, आणि बोलताना आपण सगळे ‘सामाईक’च म्हणतो. इकडे बेळगावात जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये ‘जंटी’ येतं, तेही गावात सगळ्यांना कळतं.

माझं आयुष्य जमिनीच्या कागदांत गेलं म्हणून सांगतो. विहीर सामाईक असली म्हणून शेत एक होत नाही. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, ज्याचा बांध त्याच्या जागी असतो. ‘समान’ म्हटलं की दोन्ही शेतं सारखी, असं ऐकू येतं. ‘सामाईक’ म्हटलं की फक्त विहिरीबद्दल बोललात.

सदलगेकर

सामायिक शब्दाला आमच्या जैन घरांत आणखी एक अर्थ आहे, तो इथे सांगितलाच पाहिजे. सामायिक म्हणजे समभावात बसणं. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं, राग-द्वेष बाजूला ठेवून एका जागी. माझी आजी रोज संध्याकाळी सामायिक करायची. मूळ ‘सम’मध्येच आहे. निपाणीकर ‘सवा’चा अर्थ समतल म्हणतात, तो ऐकून मला पहिल्यांदा तेच आठवलं. तुमच्या कार्डावर हा शब्द आला तर आमच्यासारख्याला तो परका वाटणार नाही.

शहापूरकर

विशेषण मिळालं. सामाईक. खानापूरकरांची विहीर मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय.

आता नाम. ‘शब्द’ आपांमुळे गेला, पण तो माझ्यासाठी किती जड आहे हेही सांगायला हवं. योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वाक्य मराठीत ‘प्रारंभी शब्द होता’ असं आहे, उर्दूत ‘इब्तिदा में कलाम था’. तो शब्द म्हणजे येशू. निपाणीकरांनी ४५वी आयत लिहिली ती वाचून मी बराच वेळ गप्प बसले. कुरआन ईसाला अल्लाहकडचा कलिमा म्हणतो, आणि आम्ही येशूला शब्द म्हणतो. अर्थ एक नाही, हे मला ठाऊक आहे. आम्ही म्हणतो शब्द देहधारी झाला, तुम्ही म्हणता अल्लाहने ‘हो’, म्हणजे ‘अस्तित्वात ये’, म्हटलं आणि तो झाला. पण शब्द तोच आहे, आणि हे मी कार्डावर एका ओळीत उरकून टाकू शकत नाही.

मग ‘वचन’ घ्यावं का? आमच्या देवळातल्या मराठीत ‘वचन वाचणं’ म्हणजे बायबल वाचणं. लंडन मिशनचे लोक बेळगावात १८२० साली आले, आणि आमच्या घरातली बोली त्या परंपरेतली. माझ्या आईच्या तोंडी ‘वचनात काय म्हटलंय?’ हे दिवसातून दहादा असायचं. बाहेर मात्र वचन म्हणजे दिलेला शब्द, शपथ. आणि आपल्या जिल्ह्यात ‘वचन’ म्हटलं की लोकांना आधी बसवण्णांची वचनं आठवतात. ‘सामाईक वचन’ छापलं तर निम्मी गल्ली लिंगायत मठाचा कार्यक्रम समजून येईल. त्यांनी यावंच, पण कार्डावर दिशाभूल नको.

दिशाभुलीचं मला इतकं का लागतं, ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने आमच्या भागात छोटी पुस्तिका वाटली. मुखपृष्ठावर चंद्रकोर, आत सुरुवातीला बिस्मिल्लाह, ‘हजरत ईसा’ असा उल्लेख, आणि शेवटच्या पानापर्यंत कुठेच लिहिलेलं नाही की हे ख्रिस्ती मंडळींनी काढलंय. आपांच्या सासऱ्यांनी ती आदरानं कपाटात वर ठेवली. नंतर त्यांना कळलं. ते मला काही बोलले नाहीत, पण पुढची दोन वर्षं आमच्या घरचं काही खाल्लं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

धर्मांतराच्या बातम्यांत मराठीत ‘आमिष’ हा शब्द येतो, २०२२च्या कर्नाटकातल्या कायद्यानंतर तर वारंवार. मूळ संस्कृतात आमिष म्हणजे मांस, म्हणून निरामिष म्हणजे शाकाहारी. गळाला लावतात ते मांस, तेच आमिष. पैशाचं आमिष सगळ्यांना दिसतं. पण दुसऱ्याच्या ग्रंथातला शब्द गळाला लावला तर तेही आमिषच, आणि ते मला अधिक वाईट वाटतं, कारण त्यात माणसाच्या श्रद्धेलाच गळ लागतो.

म्हणून नावांबद्दलही माझं ठरलंय. आमच्या वाचनात आम्ही येशू म्हणणार, ते ईसा म्हणतील. उर्दू बायबल वाचणारे ख्रिस्ती लोकही ईसा न म्हणता ‘यसू मसीह’ म्हणतात. ख्रिस्त आणि मसीह हे मात्र एकाच शब्दाचे दोन पोशाख आहेत. हिब्रू मशीआह, ग्रीक ख्रिस्तोस, मराठी अभिषिक्त. कुरआनात मसीह अकरा वेळा आलाय. तो शब्द मोकळेपणाने वापरायला हरकत नाही. इंजीलही तसाच. मूळ ग्रीक ‘एव्हांगेलियन’, चांगली बातमी. मराठीत आम्ही शुभवर्तमानही म्हणतो, सुवार्ताही. पण इथे दोघांनी एकच शब्द उच्चारला तरी डोळ्यांसमोर दोन वस्तू असतात. त्यांच्या मनात ईसाला मिळालेली एक किताब, माझ्या मनात मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेले चार वृत्तांत. हा फरक मी त्या दिवशी आधीच सांगणार आहे.

आणि हो, माझी इच्छा मी झाकत नाही. मी येशूला जसं ओळखते तसं माझ्या शेजाऱ्यांनी ओळखावं, असं मला वाटतं. आपांना ते ठाऊक आहे. त्यांना माझ्याबद्दल काय वाटतं तेही मला ठाऊक आहे. रमजानात त्या माझ्यासाठी दुआ करतात ती कशाची असते, हे मी विचारलंय आणि त्यांनी सांगितलंय.

निपाणीकर

बाई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मीही मोकळं लिहितो. आमच्याकडे जुना धसका आहे. आग्र्याला एप्रिल १८५४मध्ये पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा दोन दिवस मुनाजरा झाला, विषय तहरीफचा, म्हणजे आधीचे ग्रंथ बदलले गेले का. आजही मिशन म्हटलं की आमच्या जुन्या लोकांना तो मुनाजराच आठवतो. मुनाजरा म्हणजे समोरासमोर उभं राहून वाद. तुम्ही ठेवताय ते वाचन. हा शब्द कार्डावर ठळक असू द्या.

‘पुत्र’ शब्दावर कोणी अडलं तर एवढं सांगा, मी मदत करीन. आम्हाला सूरह इखलासमधलं ‘लम यलिद व लम यूलद’ लहानपणापासून पाठ असतं, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि कोणी त्याला दिला नाही. म्हणून देवाचा पुत्र म्हटलं की आम्हाला शरीराचं नातं ऐकू येतं. पण अरबीत ‘इब्न’ दर वेळी तसा नसतो. कुरआनातच प्रवाशाला ‘इब्नुस्सबील’ म्हटलंय, वाटेचा मुलगा. मराठीत भूमिपुत्र म्हणतो तसंच.

नामासाठी माझी सूचना : ‘गोष्ट’. उर्दू तर्जुम्यातल्या ‘बात’ला मराठीत तोच शब्द. ‘त्या गोष्टीकडे या, जी आपल्यात सामाईक आहे.’

शहापूरकर

निपाणीकर, ‘गोष्ट’ वाचल्यावर मी उठून उभी राहिले. बाब हाही अर्थ, कथा हाही अर्थ. आणि आपण वाचणार काय, तर झकरियाची आणि मरियेची गोष्ट. एकच शंका. पवित्र ग्रंथातल्या भागाला गोष्ट म्हटलं तर लहान मुलांची कहाणी वाटून कोणाला उणं वाटेल का?

‘इब्नुस्सबील’बद्दल आभार. ते मी सांगेन, पण तिथेच थांबून ‘बघा, आमचंही तेवढंच म्हणणं आहे’ असं म्हणणार नाही. आमच्या श्रद्धेत पुत्र या शब्दात उपमेपेक्षा जास्त आहे. त्यांनी दचकू नये म्हणून मी ते कमी करून सांगितलं, तर ती पुस्तिका आणि मी यांत काय फरक राहिला?

निपाणीकर

शंका नको. २८व्या सूरहचं नावच ‘कसस’ आहे, म्हणजे गोष्टी, कथन. सूरह यूसुफच्या सुरुवातीला अल्लाह स्वतः म्हणतो की आम्ही तुला ‘अहसनुल कसस’ सांगतो, सगळ्यांत सुंदर कथन. गोष्ट शब्दाने काही उणं होत नाही.

खानापूरकर

‘सामाईक गोष्ट’. बोलताना अडखळायला होत नाही, हे महत्त्वाचं. गावात म्हणून बघितलं. आमच्या घरच्यांनी विचारलं, “कुणाची गोष्ट म्हणालाय?” म्हणजे कानाला लागलं.

शहापूरकर

कार्ड असं झालंय :

*आपली सामाईक गोष्ट. झकरिया आणि मरिया यांच्याविषयी, दोन ग्रंथांतून वाचन. लूक, अध्याय १, आणि सूरह मरियम. हे वाचन गल्लीतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ठेवले आहे. वाचल्यावर ज्याला जे विचारायचे ते विचारावे. चहा आहे.*

चौथं वाक्य पाळकसाहेबांना जरा उघडं वाटलं. मी म्हटलं, तेच राहू दे. आपांनीही वाचलं. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली : सूरह मरियमसाठी ‘वाचन’पेक्षा ‘पठण’ बरं, कारण ती त्यांच्या नातवाच्या आवाजात म्हटली जाणार आहे आणि मागून अर्थ मराठीत मी वाचणार. ते घेतलं.

कार्डाची मागची बाजू कन्नडमध्ये हवी आहे. गल्लीतल्या नव्या सुनांना मराठी वाचता येत नाही. ‘जंटी’ तिथे चालणार नाही, तो बँकेच्या खात्याचा आणि उताऱ्याचा शब्द. घरातलं कन्नड बोलणाऱ्यांनी सांगा, सामाईक विहिरीला तुमच्याकडे काय म्हणतात? शुक्रवारी संध्याकाळी छापायला द्यायचंय.