टीबीच्या जंतूचं मेटाबॉलिझम टार्गेट करायचंय, आयसोसायट्रेट लायेज घेऊ का?

सूक्ष्म_कोल्हापूर:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी एक टार्गेट, म्हणजे औषधाने जंतूतलं नेमकं काय बंद पाडायचं ते, निवडायचंय. आयसोसायट्रेट लायेज डोक्यात आहे, कारण हे एन्झाइम माणसात नाहीच, म्हणजे साइड इफेक्टची भीती कमी. पण मग इतक्या वर्षांत त्यावर औषध का नाही आलं? कुणी यात काम केलंय का?

पेट्रीडिश:
टार्गेट चांगलंच आहे. जंतू शरीरात फॅटी ॲसिडवर जगतो तेव्हा त्याला हे एन्झाइम लागतंच. त्याची दोन रूपं आहेत, २००५ मध्ये दोन्ही जीन काढून बघितले तर उंदराच्या फुफ्फुसात जंतू टिकलाच नाही. अडचण अशी की ॲक्टिव्ह साइट (एन्झाइमची काम करणारी जागा) एकदम लहान, त्यात सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू) बसला की ती बंदच होते, मग औषधासारखा रेणू आत बसवणार कसा? आणि एकच रूप अडवून भागत नाही, दोन्ही अडवावी लागतात.

जुना_लॅबवाला:
मी म्हणेन टार्गेटच्या आधी मीडिया, म्हणजे लॅबमध्ये जंतू ज्यावर वाढवायचा ते खाद्य, ठरव. सिंगापूरच्या एका ग्रुपने २०१० मध्ये छापलं होतं, त्यांना मिळालेले रेणू लॅबमध्ये टीबीचा जंतू मस्त मारत होते पण उंदरात काहीच परिणाम नाही. कारण काय तर मीडियात ग्लिसरॉल होतं आणि ते रेणू ग्लिसरॉल असेल तरच चालायचे. शरीरात जंतू मुख्यतः आपलं कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड खातो, त्यामुळे सगळी मेहनत पाण्यात. हा पेपर प्रत्येक नवीन मुलाने वाचायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

रेवा_पुणे:
"माणसात नाही" यावर फार अडून बसू नकोस. बेडाक्विलिन हे टीबीचं औषध एटीपी सिंथेज (पेशीची ऊर्जा, म्हणजे एटीपी, बनवणारं एन्झाइम) बंद करतं, ते तर आपल्यातही आहे, पण जंतूचं पुरेसं वेगळं आहे म्हणून जमलं. आणि झोपलेल्या जंतूलाही एटीपी लागतंच, म्हणून तोही मरतो. शिवाय तिथे रेणू आधी सापडला, टार्गेट नंतर, औषधाला न जुमानणारे जंतू (रेझिस्टंट म्युटंट) सिक्वेन्स करून, म्हणजे त्यांच्या जीनमध्ये काय बदललंय ते वाचून. अमेरिकेत २०१२ ला मान्यता मिळाली, आणि टीबीचं नेहमीचं औषध रिफॅम्पिसिन चालत नाही अशा पेशंटसाठी आज ते केवढं मोलाचं आहे!

सूक्ष्म_कोल्हापूर:
थँक्यू ताई, दादा. पण आमच्याकडे बीएसएल-३ (टीबीसारखे धोकादायक जंतू हाताळायची सुरक्षित लॅब) नाही, मग?

जुना_लॅबवाला:
स्मेग्मॅटिसवर कर, तो टीबीच्या जंतूचा सहसा निरुपद्रवी भाऊबंद. एक प्लेट ॲसिटेटची, एक ग्लुकोजची; ॲसिटेटवर वाढायला हे एन्झाइम लागतं, ग्लुकोजवर नाही. वाढ फक्त ॲसिटेटवर थांबली तर रेणू बहुतेक योग्य जागी लागतोय, दोन्हीकडे थांबली तर दुसरंच काहीतरी मारतंय. पुढे खऱ्या टीबीच्या जंतूवर तपासायला बीएसएल-३ असलेली लॅब गाठावी लागेल, गाइडना आत्ताच विचारून ठेव.