पहिल्यांदाच नाव घेतलं, तरी 'द' कसा?

द्राक्षवाली_पिंपळगाव:
पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये असते, हॉलंडच्या मेल माझ्याकडे. इंग्रजीचं शाळेत घोकलेलं: एखाद्या गोष्टीचं नाव पहिल्यांदा घेताना 'अ' (a), दुसऱ्यांदा 'द' (the). त्याच हिशोबाने परवा लिहिलं, 'वी लोडेड अ कंटेनर येस्टरडे. अ ड्रायव्हर कॉल्ड. अ कॉम्प्रेसर हॅज स्टॉप्ड.' साहेबांनी कंटेनरचा 'अ' ठेवला, बाकी दोघांना 'द' लावला. का विचारलं तर म्हणे, "कानाला बरं वाटतं." अहो, ड्रायव्हरचं नाव मी त्याआधी घेतलंच नव्हतं!

गोदाकाठचा_मास्तर:
ताई, पावसाळ्यात नाशकात कुणाला फोन लावा, पलीकडून पहिलंच वाक्य येतं, "मारुतीच्या कमरेला पाणी लागलं." कुठला मारुती, असं विचारतो का आपण? गल्लोगल्ली मारुती आहेत, पण पुराचं माप म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या. तुमचा 'द' तोच. आधी उल्लेख झालाय का, हे सोडा. वाचणाऱ्याला नेमका कुठला ते कळेल का, एवढं बघा. भरलेला कंटेनर निघाला म्हणजे ड्रायव्हर आलाच, द्राक्षांचा असला की माल थंड ठेवणारा कॉम्प्रेसरही आला. 'अ ड्रायव्हर' लिहिलंत तर तिकडच्याला वाटेल, हायवेवरच्या कुणीतरी फोन केला. (ते घोकंपट्टीचं वाक्य आम्हीच फळ्यावर लिहायचो. मीसुद्धा.)

सिडकोची_अनू:
पण म्हणून सगळीकडे 'द' ठोकू नकोस हं. टायर फुटला तर 'अ टायर बर्स्ट'. ट्रेलरला टायर ढीगभर, त्यातला कुठला ते त्याला काय कळणार? 'द फ्रंट लेफ्ट टायर' मात्र बरोबर, तो एकच.

द्राक्षवाली_पिंपळगाव:
हे पटलं. मग 'द गोदावरी' म्हणायचं आणि नाशिकला नुसतंच 'नाशिक'?

गोदाकाठचा_मास्तर:
ते खातंच वेगळं. नद्यांच्या नावाआधी 'द' लावायची रीत आहे, शहरांच्या नाही. तुमच्या हॉलंडवाल्यांचं 'द हेग' तेवढं अपवाद.

द्राक्षवाली_पिंपळगाव:
आता दुपारची मेल बघा: 'द लेबल ऑन द बॉक्स इज वेट.' पेट्या हजारावर आहेत, भिजल्यात 40.

सिडकोची_अनू:
अगं, मग कुठला बॉक्स? 'द लेबल्स ऑन 40 बॉक्सेस आर वेट' लिही. आणि फोटो जोड.